गोळी बंद केली तर आईलाच त्रास झाला, आता काय करू?

पत्र थोडक्यात असं आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय, वय ४४. आई ६८ वर्षांची, वडील तीन वर्षांपूर्वी गेले तेव्हापासून आई यांच्याकडेच असते. सगळं आयुष्य द्राक्षबागेत गेलं, दोन्ही गुडघे झिजलेत, कंबरही धरते. चार वर्षांपूर्वी हाडांच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी दिली, दिवसाला दोन, पंधरा दिवसांसाठी. ती पुढे चालूच राहिली. आता रोज चार लागतात, मेडिकलवाला आधी जुनी चिठ्ठी बघून द्यायचा, हल्ली तीही बघत नाही. मागच्या महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला, फिजिशियन म्हणाले क्यूटी लांबलाय, ४८६ आलाय, ही दुखण्याची गोळी हृदयाला चांगली नाही, बंद करा. एवढं बोलून पुढचा पेशंट. ताईंनी घरी येऊन गोळ्या लपवल्या आणि आईला सांगितलं की दुकानात माल नाहीये. दुसऱ्या दिवशी रात्री आईला दरदरून घाम, जुलाब, छातीत धडधड, अंगात करंट मारल्यासारखं, बीपी १८०. धावतपळत दवाखान्यात नेलं, अटॅक नव्हता. पुण्याचा भाऊ फोनवर चिडला, म्हणाला बाकीच्या पेनकिलर हार्टला वाईट म्हणून तर हाडाच्या डॉक्टरांनी ही दिली होती, ही सेफ आहे, दे तिला. दिली, दोन तासांत आई शांत झोपली. आता ताई विचारतात: आई व्यसनी झालीय का? चार वर्षांत तिचं हृदय खराब झालं असेल का? तिला न सांगता दुसरी पेनकिलर बदलून देऊ का? डॉक्टर खरे की भाऊ खरा? आणि आई कार्तिकीला पंढरपूरला जायचं म्हणते, नेऊ का? सोबत आईच्या सगळ्या गोळ्यांचा फोटो जोडलाय आणि जाता जाता लिहिलंय की ईसीजीच्या चार-पाच दिवस आधी तिला खोकल्यासाठी तीन दिवसांचा अ‍ॅझिथ्रोमायसिनचा कोर्स झाला होता.

ताई, आधी त्या फोटोबद्दल आणि त्या जाता जाता लिहिलेल्या वाक्याबद्दल आभार, कारण अर्ध्याहून जास्त उत्तर तिथेच आहे. मी भूलतज्ज्ञ, म्हणजे अफूच्या घराण्यातल्या औषधांसोबतच (ट्रॅमाडॉल त्यातलंच) नोकरी काढली म्हणा ना, तरी सुद्धा पहिली पंधरा वर्षं मी पेशंटला एवढंच विचारायचे की दुखण्याची कुठली गोळी घेता, गॅसची कुठली घेता हे कधी विचारलंच नाही. त्याकडे येतेच. तुमच्या आईला मी तपासलेलं नाहीये हे मात्र वाचताना लक्षात ठेवा, खाली जे लिहितेय ते घेऊन तुम्हाला फिजिशियनकडे परत जायचंय, त्यांच्याऐवजी नाही.

त्या रात्रीपासून सुरुवात करू कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त अपराधीपण तिथे आहे. गोळी परत दिलीत ते बरोबर केलंत. चार वर्षं रोज जे औषध शरीरात जातंय ते एका सकाळी गायब झालं की शरीर उसळतं, नाडी पळते, बीपी चढतं, घाम, जुलाब, नाक गळणं, झोप उडणं. इतकी वर्षं या औषधाने मज्जासंस्थेवर एक हात दाबून ठेवलेला असतो, तो हात एकदम काढला की असं होतं. आणि ते करंटसारखं वाटणं, तेही ट्रॅमाडॉलचं ओळखीचं लक्षण आहे, कारण हे औषध नुसतं अफूसारखं काम करत नाही, डिप्रेशनच्या काही गोळ्यांसारखं मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावरही करतं, त्यामुळे ते तोडताना दोन प्रकारचा त्रास एकत्र होतो. म्हणजे बघा, हृदयाला जपायचं म्हणून गोळी बंद केली आणि त्या दोन दिवसांत हृदयावर जेवढा ताण आला तेवढा चार गोळ्या घेताना रोज येत नव्हता. 'बंद करा' हे दोन शब्द चुकीचे नव्हते, पण कसं आणि किती दिवसांत हे सांगायचं राहिलं. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१९ मध्ये याच गोष्टीसाठी वेगळा इशारा काढला होता, की अशी औषधं जुन्या पेशंटची एकदम तोडू नका.

आता 'व्यसनी' या शब्दाकडे. हा शब्द तुम्ही पत्रात तीनदा लिहिलाय आणि मला तो खटकला. बीपीसाठी काही जण अ‍ॅटेनोलॉल घेतात, ते एकदम बंद केलं तरी धडधड होते, बीपी उसळतं, काहींना छातीत दुखतं, मग त्यांना आपण अ‍ॅटेनोलॉलचे व्यसनी म्हणतो का? शरीराला सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. व्यसनात माणूस औषधासाठी खोटं बोलतो, नुकसान दिसत असून वाढवत जातो, दुखत नसलं तरी घेतो, लपवतो. तुमच्या पत्रात लपवलंय कोणी, तर तुम्ही, आईने नाही. रागावू नका, पण हे मला दिसलं ते सांगितलं. दोनाच्या चार झाल्या ते खरंय, पण ते चार वर्षांत झालंय, आणि जुनं औषध कमी लागू पडायला लागतं हे या घराण्याचं नेहमीचं आहे, शिवाय गुडघेही या चार वर्षांत तिथेच थांबले नसतील. काही जणांत तर उलटंच होतं, वर्षानुवर्षं घेतल्याने वेदना जास्त जाणवायला लागतात, गोळी कमी केल्यावर दुखणंही थोडं कमी होतं असे पेशंट मी पाहिलेत. तुमची आई त्यातली आहे का हे हळूहळू कमी करतानाच कळेल.

मग डॉक्टर खरे की भाऊ खरा. दोघंही, आणि भांडण त्यामुळेच आहे.

क्यूटी म्हणजे काय ते आईला समजावता येईल असं सांगते. तिने विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची मोट पाहिली असणार. मोट वर आली, थारोळ्यात पाणी पडलं, मग बैल उलट्या पावली मागे सरकतात आणि मोट परत विहिरीत जाते. ती पूर्ण खाली जाऊन भरायच्या आधीच कुणी बैलांना चाबूक मारला तर सगळा ताल बिघडतो. हृदयाचा ठोकाही असाच, ठोका पडायचा आणि पुढच्यासाठी परत तयार व्हायचं, त्या दोन्हींना मिळून जो वेळ लागतो तो क्यूटी. परत तयार होताना पेशींतून पोटॅशियम बाहेर जायला एक दार असतं, काही औषधं ते दार अर्धवट अडवतात, मग वेळ लांबतो. बायकांमध्ये ४६० मिलिसेकंदांच्या पुढे लांब समजतात, ५०० च्या पुढे डॉक्टर खरोखर घाबरतात, कारण तेव्हा मधेच एखादा चुकार ठोका पडला तर ताल इतका बिघडू शकतो की माणूस चक्कर येऊन पडतो आणि क्वचित उठत नाही. ४८६ म्हणजे आजच रात्री काही होईल असं नाही, पण सोडून द्यायचाही आकडा नाही.

अफूच्या घराण्यातली सगळी भावंडं हे दार सारखं अडवत नाहीत, आणि लोक नेमकं हेच विसरतात. मॉर्फिन जवळजवळ अडवत नाही. मेथाडोन जोरात अडवतं, त्याच्या पाकिटावर तसा ठळक इशारा असतो. आणि तुमच्या आईच्या पिढीने जिच्या पट्ट्याच्या पट्ट्या खाल्ल्या ती निळी कॅप्सूल आठवते का, स्पास्मो प्रॉक्सीव्हॉन, पोटात दुखलं की द्या, पाळीत दुखलं की द्या, तिच्यात डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफिन होतं. ते अमेरिकेत २०१० मध्ये बाजारातून काढलं, कारण निरोगी माणसांना नेहमीच्या डोसमध्ये देऊनही ईसीजीत बिघाड दिसला, आणि आपल्याकडे २०१३ मध्ये त्याच्यावर बंदी आली. म्हणजे 'हृदयाला सेफ' असं या अख्ख्या घराण्याबद्दल एका दमात कुणीच म्हणू नये, तुमच्या भावानेही नाही. ट्रॅमाडॉल मधे कुठेतरी बसतं. एकटं, नेहमीच्या डोसमध्ये, किडनी ठीक असलेल्या माणसात ते सहसा क्यूटी फार लांबवत नाही, जास्त डोस झाला किंवा सोबत साथीदार मिळाले की लांबवतं.

आणि आता तुमचा फोटो. मी झूम करून करून पाहिला.

सकाळी रिकाम्या पोटी पॅन्टोप्राझोल आणि डोम्पेरिडोनची कॅप्सूल, तुम्ही लिहिलंय गॅसची गोळी, तीन वर्षं. यातलं डोम्पेरिडोन हे क्यूटी लांबवणाऱ्या औषधांच्या यादीत ट्रॅमाडॉलच्या वर आहे, 'शंका आहे' मध्ये नाही तर 'खात्री आहे' मध्ये. युरोपात २०१४ पासून नियम असा की ते कमी डोसमध्ये आणि शक्यतो आठवडाभरच द्यायचं, आपल्याकडे लोक चहासारखं घेतात. त्याच कॅप्सूलमधलं पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं घेतलं तर काहींचं मॅग्नेशियम उतरतं, आणि मॅग्नेशियम उतरलं की क्यूटी लांबतो. रात्री एस्सिटालोप्राम १० ही डिप्रेशनची गोळी, वडील गेल्यावर झोप लागत नव्हती म्हणून सुरू केलेली. तीही 'खात्री आहे' वाल्या यादीत, म्हणूनच साठी-पासष्टीच्या पुढे १० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, म्हणजे डोस बरोबर आहे पण शेजार बरोबर नाही. बीपीची गोळी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन, यातलं दुसरं लघवीवाटे पोटॅशियम घालवतं. आणि वर अ‍ॅझिथ्रोमायसिन, जे तीन दिवस खाल्लं तरी त्यानंतर बरेच दिवस शरीरात रेंगाळतं, आणि ते संपल्याबरोबर तुमचा ईसीजी निघाला. ताई, त्या दिवशी त्या ईसीजीत पाच-सहा जण हात घालून बसलेले होते, आणि दोषी ठरली एकटी दुखण्याची गोळी, कारण नाव सांगताना तुम्ही तिचंच सांगितलं असणार. फिजिशियनना बाकीचं दिसलंच नसेल. ही तुमची चूक नाही, गॅसच्या गोळीला औषध मानतंच कोण.

म्हणून पहिली गोष्ट, या आठवड्यातच फिजिशियनकडे परत जा, सगळा डबा घेऊन जा, फोटो नको, डबाच. त्यांना चार गोष्टी विचारा: पोटॅशियम, मॅग्नेशियम, सोडियम आणि किडनीची तपासणी करू का, डोम्पेरिडोन बंद करून नुसती अ‍ॅसिडिटीची गोळी पुरेल का, किंवा तीही लागते का, एस्सिटालोप्राम हळूहळू बदलता येईल का, आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन पूर्ण निघून गेल्यावर ईसीजी परत कधी काढायचा. सोडियम का, तर ट्रॅमाडॉल, एस्सिटालोप्राम आणि क्लोरथॅलिडोन तिन्ही मिळून म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरवतात, मग भ्रम होतो, तोल जातो, आणि घरचे म्हणतात वय झालं. आणखी एक, ट्रॅमाडॉल आणि एस्सिटालोप्राम दोन्ही सेरोटोनिन वाढवतात. हात थरथरणं, घाम, बेचैनी, ताप असं गोळ्या चालू असताना दिसलं तर त्याचा अर्थ वेगळा, तेव्हा वाट बघत बसायचं नाही, दवाखाना. क्यूटीचा आकडा यातल्या दोन गोष्टी बदलून बराच खाली आला तर मला नवल वाटणार नाही, पण पैज मात्र लावत नाही.

'चार वर्षांत हृदय खराब झालंय का?' या प्रश्नात तुम्ही असं धरून चाललाय की गोळी हृदयाला अ‍ॅसिडसारखी खात बसलीय. तसं नाहीये. क्यूटी औषधामुळे लांबला असेल तर औषध निघाल्यावर तो परत जागेवर येतो, त्याचा व्रण राहत नाही. वर्षानुवर्षं घेण्याचा हृदयावर जो दुसरा परिणाम आहे तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही, तो म्हणजे रात्रीचा श्वास. ही औषधं मेंदूच्या श्वास घेण्याच्या केंद्राला सुस्त करतात, झोपेत श्वास मधेमधे थांबतो, ऑक्सिजन उतरतो, हृदयाला ते रात्रभर सोसावं लागतं. अमेरिकेत टेनेसी राज्यात गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेतल्या पेशंटांचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये आला, कॅन्सर नसलेल्या जुन्या दुखण्यासाठी लांब पल्ल्याची ओपिऑइड, म्हणजे अफूच्या घराण्यातली औषधं घेणारे सुमारे २३ हजार आणि दुसऱ्या प्रकारची दुखण्याची औषधं घेणारे तितकेच. ओव्हरडोस बाजूला ठेवूनसुद्धा पहिल्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने होणारे मृत्यू दीडपटीहून थोडे जास्त होते, आणि संशोधकांचा संशय याच झोपेतल्या श्वासावर होता. ती औषधं मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेन्टॅनिलचे पॅच, मेथाडोन अशी जड होती, तुमच्या आईच्या गोळीला तो आकडा जसाच्या तसा चिकटवू नका. पण रात्री तिच्या शेजारी बसून अर्धा तास ऐका. घोरणं मधेच तुटतंय का, श्वास थांबून मग गचका देऊन सुरू होतोय का, सकाळी डोकं जड असतं का. असेल तर डॉक्टरांना आधी हेच सांगा, आणि झोपेची गोळी कुणी देऊ केली तर घेऊ नका, ट्रॅमाडॉलसोबत झोपेची गोळी म्हणजे श्वासावर दोन हात.

भावाच्या बाजूनेही थोडं. अटॅक आल्यावर मॉर्फिन देतात ना, मग ते हृदयाला चांगलंच असणार, असं बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही वाटतं. ते दुखणं आणि घाबरं कमी करायला देतात, आणि आता तर तिथेही जपून, कारण त्याने पोट संथ होतं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या उशिरा लागू पडतात. इराणमध्ये तर पिढ्यान्‌पिढ्या समज की थोडी अफू हृदयाला आणि शुगरला बरी. तिथल्या गोलेस्तान प्रांतात पन्नास हजार लोकांच्या मागे वर्षानुवर्षं राहून पाहिलं, २०१२ मध्ये निकाल आला, अफू घेणारे जास्त मेले, आणि हृदयविकारानेही जास्त. आपल्याकडेही काय वेगळं होतं म्हणा, मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या पोरांना अफूची बाळागोळी देऊन निजवायच्या, तेव्हाही ती 'सेफ'च होती.

पण भावाचा मूळ मुद्दा मला तुमच्यापुढे ठेवायचाच आहे, कारण तुम्ही जे गुपचूप बदलायला निघालाय ते म्हणजे आगीतून फुफाट्यात. डायक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिब, आयब्युप्रोफेन हे दुसरं घराणं, यांनी हार्ट अटॅक, बीपी आणि हार्ट फेल्युअरचा धोका वाढतो हे पक्कं माहीत आहे, याच घराण्यातलं रोफेकॉक्सिब २००४ मध्ये जगभरातून मागे घेतलं ते याच कारणाने. त्यात तुमची आई टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी घेते, त्यांच्या जोडीला ही पेनकिलर आली की तिन्ही मिळून किडनीवर जातात. किडनी मंदावली की ट्रॅमाडॉल शरीरात साठतं, आणि मग क्यूटी आणखी लांबतो. आणि टॅपेन्टाडॉल कुणी 'नवीन आहे, हलकं आहे' म्हणून दिलं तर लक्षात ठेवा, नाव नवं, घराणं तेच अफूचं. म्हणजे हाडांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी विचार करूनच दिली होती. चूक झाली ती पंधरा दिवसांची चार वर्षं होण्यात, आणि त्यात मेडिकलवाला, तुम्ही, भाऊ, डॉक्टर सगळेच आलात. २०१८ पासून ट्रॅमाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, बिनाचिठ्ठी मिळणं ही सोय वाटते, पण त्यामुळेच चार वर्षांत एकाही डॉक्टरने आईला विचारलं नाही की ही अजून लागते का.

कमी कसं करायचं? वर्षाहून जास्त घेतलेल्यांना साधारण महिन्याला दहा टक्के, त्याहून घाई नको असं आता मानतात. चार गोळ्या आहेत, म्हणजे पाचेक आठवड्यांनी अर्धी, असा हिशोब डॉक्टरांपुढे ठेवता येईल. फक्त ती साधी गोळी असेल तरच अर्धी करायची, पाकिटावर एसआर (दिवसभर हळूहळू सुटणारी) लिहिलं असेल तर तोडायची नाही, तोडली तर दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. ईसीजी परत काढल्यावरही आकडा वरच असला तर डॉक्टर याहून भरभर कमी करायला सांगतील, तेव्हा त्यांचं ऐका. मधे लग्न आहे, दिवाळी आहे, आईला सर्दी-ताप आहे, तर त्या महिन्यात तिथेच थांबा, मागे मात्र जाऊ नका. कुठली अर्धी आधी सोडायची हे आईने ठरवायचं. दुपारी ती पडून असते असं तुम्ही लिहिलंय, कदाचित दुपारची. आणि त्या गोळीत पॅरासिटामॉलही आहे, ती कमी केल्यावर नुसतं पॅरासिटामॉल त्या जागी देता येईल का ते विचारा, बाकी सर्दीच्या गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच हे धरून.

हे सगळं आईला न सांगता करायचा विचार मात्र सोडून द्या. तुम्ही धरून चाललाय की तिला कळलं तर ती घाबरेल किंवा हट्ट करेल. तिने बाग सांभाळली, औषध फवारणीचं वेळापत्रक पाठ होतं तिचं, कुठलं कशात मिसळायचं नाही हे ती तुम्हाला शिकवेल. तिला मोटेचं सांगा. ती रात्र तिची होती, तिला अजून वाटत असेल की आपल्याला अटॅक येऊन गेला, निदान तेवढं तरी तिचं भय काढा. आणि माल नव्हता हे खोटं होतं, तेही सांगा. बोलणी खाल, खाऊन घ्या.

दुखण्याचं काय, हा खरा प्रश्न, कारण दुखणं तसंच ठेवून गोळी कमी होत नाही. तुमच्या पत्रात गुडघ्याबद्दल एकच ओळ आहे, गोळीबद्दल दोन पानं. ती खाली मांडी घालून बसते का, भाजी निवडायला, पूजेला? संडास कुठला आहे? भारतीय असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते, तिने दिवसातले चार-पाच वेळचे उठबस वाचतात. काठी धरत असेल तर कुठल्या हातात, जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या उलट हातात धरायची, बहुतेक लोक त्याच बाजूला धरतात. मांडीच्या पुढच्या स्नायूचे व्यायाम, पाय सरळ ठेवून गुडघा खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं, फिजिओकडून एकदा शिकून घरी दोन महिने रोज, आठ दिवसांत फरक दिसणार नाही. डायक्लोफिनॅकचं जेल वरून लावलं तर रक्तात फार कमी जातं, ते गोळीपेक्षा बरं, पण किडनीचा रिपोर्ट आल्यावर विचारून. आणि दोन्ही गुडघे खरंच संपले असतील तर सांधा बदलण्याबद्दल कुणी आईशी नीट बोललंय का? २०१७ मध्ये सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, आधीपेक्षा परवडतं. तिला नको असेल तर नको, पण चार वर्षं गोळी देत राहणं हाही एक निर्णयच होता, तो कुणी घेतला असं नव्हे, आपोआप झाला.

अशीच परिस्थिती असलेल्या बाकीच्यांसाठी इथेच लिहिते, वेगळं पत्र नको. घरात कुणाला कॅन्सर आहे आणि मॉर्फिन चालू आहे, त्यांनी हे वाचून एक गोळीही चुकवू नका, तिथला हिशोब पूर्ण वेगळा आहे, आणि मी वर लिहिलंच आहे की मॉर्फिन त्या दाराला जवळजवळ हात लावत नाही. ज्यांच्या घरात कमी वयात कुणी अचानक पडून गेलंय त्यांनी कुठल्याही डॉक्टरला ते आधी सांगा, क्यूटी जन्मतःही लांब असू शकतो. आणि शुद्ध हरपणं, झटका, चक्कर येऊन पडणं, ओठ निळे पडणं, हलवूनही जागं न होणं, यात फोनवर भावाबहिणींना विचारत बसायचं नाही, १०८.

पंढरपूर. न्या, पण दुसरा ईसीजी बघून, डॉक्टरांना विचारून, आणि कार्तिकीच्या गर्दीत नको, वारी आटोपल्यावर दोन आठवड्यांनी गाडीने. गोळी कमी करायचा नवा टप्पा त्या आठवड्यात सुरू करू नका. पदस्पर्शाच्या रांगेत तासन्‌तास उभं करू नका, मुखदर्शन घ्या, विठोबाला चालतं. सगळ्या औषधांची नावं लिहिलेला कागद तिच्या बटव्यात असू द्या, पाण्याची बाटली आणि ओआरएस सोबत. आणि प्रवासात उलटी झाली, पोट बिघडलं, तर तिथल्या मेडिकलमधून न विचारता काही घेऊ नका, उलटीचं ऑन्डॅनसेट्रॉन, जुलाबाचं ऑफ्लॉक्सासिन, ही क्यूटी लांबवणाऱ्या त्याच यादीतली मंडळी आहेत. परत आल्यावर ईसीजीचा आकडा मला कळवा, आणि तुम्ही खरं सांगितल्यावर आई काय म्हणाली तेही.